झिपरूनानांची नर्सबाई

आमच्या वखारीत नवीन ओंडका आला की झिपरूनाना आधी त्याला चावायचे. निदान बघणाऱ्याला तसं वाटायचं. खरं म्हणजे ते बाभळीची एक वीतभर वाळकी काडी दाढेखाली धरायचे, तिचं दुसरं टोक ओंडक्याला टेकवायचे, आणि डोळे मिटून गुडघ्यांवर बसून राहायचे. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. नवखं गिऱ्हाईक माझ्या कानाशी येऊन विचारायचं, "शेठ, बाबांना फिट येते का?" मी म्हणायचो, "नाही हो, लाकूड तपासताहेत." यावर गिऱ्हाइकाचा जो चेहरा व्हायचा, तो बघण्यात माझी ऐन तिशी गेली.

वखार अमळनेरात, धुळ्याच्या रस्त्याला. वडिलांनी उभी केली आणि जाताना एक आरा, एक कुरकुरणारी ट्रॉली आणि झिपरूनाना एवढं माझ्या गळ्यात घालून गेले. नाना तेव्हा पंचावन्नच्या पुढे होते आणि आऱ्यावर त्यांना तीस वर्षं झाली होती. वडिलांना ते भाऊ म्हणायचे, म्हणून मी लहानभाऊ. मला बत्तिसावं लागलं होतं, दोन पोरं होती, टक्कल पडायला सुरुवात झाली होती, तरी वखारीत मी लहानभाऊच. आऱ्यावर कोणतं लाकूड कधी चढवायचं हे मालक या नात्याने मी ठरवत असे आणि तसं कधीही होत नसे.

"पयले इचारू द्या," हे नानांचं ठरलेलं वाक्य. विचारायचं ते लाकडाला. काडी तोंडातून काढली की निकाल. "मुकं शे" म्हणजे आत किडा नाही, खुशाल फळ्या पाडा. "बोली राह्यनं" म्हणजे आत भिरूड आहे. ही बोटाएवढी पांढरी अळी. लाकूड कोरत वर्ष वर्ष आत राहते, आणि त्याचा पलंग होऊन गिऱ्हाइकाच्या घरी गेला की भुसा पाडून आमची अब्रू काढते. भिरुडीचं कुरतडणं नानांना दाढेत कळायचं. आणि एक तिसरा निकाल होता. तो ऐकला की मी गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पुढे ढकलायचो. "आत ती शे."

ती म्हणजे नर्सबाई.

तिची माझी पहिली भेट नानांनीच घडवली. चैत्रातली दुपार, कौलावर पापड भाजावेत असं ऊन. मी गल्ल्यावर डुलक्या घेत होतो. नानांनी मनगट धरून मला उठवलं आणि मागच्या अंगाला लिंबाखाली नेऊन एका ओंडक्यासमोर बसवलं. ओंडक्यावर एक माशी होती. गांधीलमाशीच्या जातीची, पण सडपातळ. काळी, कमरेला तांबूस, आणि मागे अंगाच्या दुप्पट लांबीचा केसासारखा दोरा. मिशांनी ठोकत ठोकत ती सालीवरून चालत होती. थोडं पुढे जायची, थबकायची, परत मागे यायची. डॉक्टर पाठीवर बोटं ठोकून बघतात ना, अगदी तसं. मग एका जागी तिने पाय रोवले, अंगाची कमान केली आणि तो दोरा सरळ लाकडात घालायला सुरुवात केली. तिथे भोक नव्हतं, फट नव्हती. तरी दोरा आत जात होता.

"इंजेक्शन देई राह्यनी," नाना माझ्या कानात ओरडले. नाना सगळ्याच गोष्टी ओरडून सांगायचे. "बराबर खाले अळी शे. तिना आंगवर अंडं सोडस. पिल्लू निंघस ते अळीले खाई टाकस. मंग मोठं व्हस, आणि स्वतःनं दार कोरीसन भाहेर येस."

मी पाऊण तास तिथे बसलो. पाठ घामाने भिजली, पण उठवेना. पुढे जळगावच्या एका शेतकी अधिकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, तुमचे नाना सांगतात ते खरं आहे, अशा माशांच्या कितीतरी जाती असतात आणि त्यांना लांबलचक नावं आहेत. मी ते नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "नाव कसाले? तिनं काम शे ना."

हे सगळं ऐकायला छान आहे. माझ्यासारख्याने त्यावर वखार चालवायची म्हणजे काय होतं ते सांगतो. नर्सबाईने जिथे सुई टोचली, तिथे नाना तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा एक ठिपका द्यायचे. ठिपका पडला की तो ओंडका लिंबाखाली. जेवढे ठिपके तेवढी भोकं पडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. भिरुडीचं भोक वेडंवाकडं असतं. नर्सबाईच्या लेकीचं भोक बारीक आणि गोल, स्वेटरच्या सुईने पाडल्यासारखं. मग पुन्हा काडी लावायची, आणि मुकं असेल तरच आऱ्याकडे. यात महिना जावो, दोन महिने जावोत. कोणी कुरकुर केली तर नाना विचारायचे, "घाई शे का तुमले? मंग दुसरी वखार देखा." हे ते माझ्या गिऱ्हाइकाला माझ्यासमोर सांगायचे.

एकदा शाळेच्या बाकांचं काम घेतलेला एक ठेकेदार ट्रक घेऊन दारात उभा राहिला आणि नेमका लिंबाखालचाच ओंडका मागायला लागला. नाना त्या ओंडक्यावर जाऊन बसले. मांडी घालून. ठेकेदार ओरडला, मी ओरडलो, नाना डबी काढून तंबाखू मळत बसले. ट्रक रिकामा गेला. मी फाटक धाडकन लावलं. म्हटलं, "नाना, उद्यापासून कामावर येऊ नका." दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नाना हजर, आऱ्याच्या पात्याला धार लावताहेत. मी विचारलं, काल काय सांगितलं होतं? नाना म्हणाले, "काल तुम्ही काय बोलनात, माले काही ऐकू उनं नही."

नानांना कमी ऐकू येतं हे वखारीत सगळ्यांना माहीत होतं. आऱ्याच्या किंचाळण्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं तसंच होतं. मी त्यांना एकूण तीन वेळा कामावरून काढलं आणि तिन्ही वेळा त्यांना ऐकू आलं नाही.

साधा उपाय होता, नव्हता असं नाही. किडे मारायची पावडर मिळते. पांढरी, डोक्यात चढेल अशा वासाची. ती ढिगावर टाकली की भिरूड मरते. नर्सबाईही मरते. वडिलांच्या वेळी तिचा डबा असायचा, मीही एकदा आणला. तो डबा आठवडाभरात नाहीसा झाला. दुसरा आणला, तोही गेला. तिसरा आणायची मला हिंमत झाली नाही.

आणि मग नानांनी एक ओंडका स्वतःसाठी मागितला.

नानांची एकुलती एक लेक मंगल शिंदखेड्याला दिलेली. तिला दिवस गेल्याचं पत्र आलं त्याच सुमाराला सातपुड्याकडच्या लाकडाचा एक ढीग आमच्याकडे उतरला होता. त्यातला शिवणीचा एक ओंडका नानांनी बाजूला काढला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हाऊ मना." इतक्या वर्षांत त्यांनी वखारीतून भुशाचं पोतंही मागितलं नव्हतं. शिवण हलकी असते, तडकत नाही, पाळण्याला चांगली. मी म्हटलं, न्या. नानांनी काडी लावली आणि त्यांचं तोंड उतरलं. "बोली राह्यनं."

मी म्हटलं, "दुसरा घ्या." तर ढिगातली तेवढी एकच शिवण. म्हटलं, "मग एवढ्यापुरती पावडर टाकू." यावर नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच पाळण्यात पाय घालून बसलोय. "लहानभाऊ, पोरगं पाळणाना काठ चोखस. दात येवाना टाईमले बठ्ठं तोंडमा घालस. त्या पावडरवर मी मना नातूले निजाडू का?"

पाळण्यात भुसा नको आणि पावडरही नको. म्हणजे नर्सबाई येईपर्यंत थांबणं आलं. ओंडका लिंबाखाली गेला. नाना रोज दुपारची भाकरी त्याच्यासमोर बसून खायला लागले. पौष गेला, माघ गेला. मला वाटलं, हिची ड्युटी बदलली बहुतेक. फाल्गुनात एके दिवशी नाना आरा चालू सोडून मागे पळाले आणि तासाभराने हसत आले. नर्सबाई उनी व्हती. आठवड्यात ओंडक्यावर पाच ठिपके पडले.

मंगल बाळंतपणाला माहेरी आली आणि सांगितलेल्या तारखेच्या दहा दिवस आधीच मोकळी झाली. मुलगी. बाराव्या दिवशी बारसं ठरलं, बौद्धाचार्यांना सांगून झालं, शिंदखेड्याची मंडळी येणार म्हणून निरोप आला. ओंडक्यावर तोवर दोन भोकं पडली होती. तीन बाकी.

सहाव्या दिवशी नानांच्या मंडळी सुभद्राबाई स्वतः वखारीत आल्या. या बाई कधी वखारीची पायरी चढल्या नव्हत्या. "भाऊ, तुम्ही तरी सांगा यासले. बजारमा पाळणा भेटस का नही? पोर घर येई ते झोळीमा निजाडू का? इहीन काय म्हनी?"

मी आमच्या घरचा पाळणा देऊ केला. सुभद्राबाई हो म्हणाल्या. नानांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं, माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. "बजारना पाळणाले काय फवारेल शे, कोनले म्हायती? तुमना पाळणा तुमनी पोरसना. मना नातनं लाकूड शे. थोडं थांबा." आणि गेले ओंडक्याकडे.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण मन चांगलं होतं हो. आठव्या दिवशी मंगलला दवाखान्यातून घरी आणायचं होतं, नाना सकाळीच तिकडे गेले. मला त्यांच्यावर उपकार करायची हुक्की आली. ओंडक्याच्या एका बाजूला एकही ठिपका नव्हता. तेवढ्यातून चार फळ्या निघाल्या असत्या, पाळण्याला पुरल्या असत्या, उरलेल्या ओंडक्यात नर्सबाईच्या लेकींना हवं तेवढं राहू द्या. पाळणा जुळवायला सुतार रशीद मिस्तरींना बोलावून ठेवलं आणि आऱ्यावर मी स्वतः उभा राहिलो. वडिलांनी शिकवलं होतं, विसरलो नव्हतो.

ओंडका ट्रॉलीवर चढला, आरा सुरू झाला आणि फाटकातून नाना धावत आले. अनवाणी. आरा सुरू झालेला त्यांना कसा कळला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर कळलं की रस्त्यावरून त्यांना आमच्या पत्र्यावर उडणारा भुसा दिसला होता. "कोनी सांगं तुमले?" ते ओरडत होते. "ती सुई इकडे मारस, अळी तिकडे सरकस! पिल्लू कोठे शे, तुमले काय म्हायती?" असं म्हणत ते ट्रॉलीच्या पलीकडच्या टोकाला गेले, खाली बसले, काडी दाढेत धरली आणि ओंडक्याला लावली.

खाली बसल्यावर ओंडक्याआड मला ते दिसले नाहीत. मला वाटलं, रागावून मागे गेले. आणि मी ट्रॉलीला हात दिला, पुढे घ्यायला नव्हे, मागे घ्यायला. ट्रॉली वीतभर मागे सरकली आणि पलीकडून "आय" असा आवाज आला.

मी आरा बंद करून धावलो. नाना भुशात काहीतरी शोधत होते. मिळाल्यावर त्यांनी ते धोतराच्या सोग्याला पुसलं आणि तळहातावर धरलं. दाढ होती. तंबाखूने आधीच बाकीचे दात नेले होते, ही एकच भक्कम उरली होती. रशीद मिस्तरी पाणी घेऊन आले. नानांनी चूळ भरली आणि ओंडका परत लिंबाखाली न्यायला लावला.

नवव्या दिवशी एकदम दोन भोकं पडली. चार झाली. पाचवी राहिली. दहाव्या दिवशी शुक्रवार, आमच्याकडे वीज बंद असायचा वार. वखार गप्प. सकाळी मी गेलो तर नाना ओंडक्यासमोर बसलेले. काडी या बाजूने लावत होते, त्या बाजूने लावत होते, हिरडीवर धरत होते, काढून टाकत होते. मला बघून उठले, फाटकाकडे गेले, परत आले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"लहानभाऊ, तुम्ही ऐका."

"मी?"

"मना दात गया. माले काही समजत नही. पाचवी आत शे, का मरी गयी, का अळीच राही गयी... माले समजत नही."

मी म्हटलं, "नाना, कान लावून बघा की. आज आरा बंद आहे." त्यांनी काडी धोतराला पुसली. मग म्हणाले, "कान तं सहा वरीसपासून नहीत."

सहा वर्षं. म्हणजे मी गादीवर बसलो तेव्हापासून. मी या माणसाशी सहा वर्षं बोलत होतो, भांडत होतो, आणि त्याला त्यातला एक शब्द ऐकू आला नव्हता. नुसते ओठ बघून त्यांनी सगळं निभावलं होतं. आऱ्यावरचं काम जाईल म्हणून कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. घरात बायकोचा आवाज नाही, मंगलचा नाही, बाहेर पाखराचा नाही. सहा वर्षांत त्यांना कळत होता तो एवढाच, दाढेतून येणारा, अळीच्या कुरतडण्याचा. आणि तो मी घालवला. मला भडभडून आलं. पण नाना रडारड ऐकायच्या, म्हणजे बघायच्या, मनःस्थितीत नव्हते.

मी विचारलं, "मग मी तुम्हाला कामावरून काढलं तेव्हा?"

"तोंड देखं व्हतं," नाना म्हणाले. "समजनं व्हतं." आणि काडी माझ्या हातात दिली.

मी गुडघ्यांवर बसलो. काडी दाढेखाली धरली, डोळे मिटले. आधी काहीच नाही, माझंच रक्त डोक्यात घणघणत होतं. मग रस्त्याने गेलेल्या एसटीची घरघर लाकडातून आली. तीही गेली. आणि मग, अगदी बारीक, काहीतरी खरवडत होतं.

मी डोळे उघडले. "आवाज आहे, नाना." त्यांचं तोंड पडलं. सावकाश बोलावं लागतं हे आता कळल्यामुळे मी पुन्हा, ओठ नीट हलवून सांगितलं.

"कसा शे? एकसारखा, का थांबी थांबी?"

मी परत काडी लावली. खर्र, खर्र. मग शांत. पुन्हा खर्र. "थांबून थांबून. आणि सालीच्या अगदी जवळ आहे."

नानांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की मी बसल्या जागी कलंडलो. "मंग ती शे! अळी एकसारखी खास. ही दार कोरी राह्यनी."

आम्ही दोघे तिथेच बसलो. मालक आणि आरेवाला, भर उन्हात, एका ओंडक्याकडे टक लावून. तीनच्या सुमाराला एका ठिपक्याच्या बाजूला, हातभर अंतरावर, साल हलली. बारीक भुसा पडला. गोल भोकातून आधी दोन मिशा आल्या, मग डोकं, मग ती सगळीच. मी जिथून फळ्या काढणार होतो, नेमकी तिथूनच. पंख वाळवत ती थोडा वेळ बसली आणि लिंबात उडून गेली. नानांनी मला पुन्हा काडी लावायला सांगितलं. ओंडक्याच्या चारी अंगांनी, वीत वीत सोडून. मी जबडा दुखेपर्यंत ऐकलं.

"मुकं आहे, नाना."

"बराबर ऐकं ना?"

"बरोबर ऐकलं."

संध्याकाळी वीज आली. नानांनी स्वतः फळ्या पाडल्या. रशीद मिस्तरींनी ती संध्याकाळ आणि पुढचा अख्खा दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. बारशाला पाळणा उभा होता, पांढरट पिवळा, ना रंग ना पॉलिश. पोर सारखी चोखत बसणार म्हणून नानांनी काठ स्वतः काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केले होते. त्रिसरण झालं, नाव ठेवलं गेलं, बायकांनी पाळणा म्हटला. शिंदखेड्याच्या विहीणबाईंनी पाळण्याला हात लावून बघितला आणि चांगला आहे म्हणाल्या. सुभद्राबाईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नानांकडे न रागावता बघितलं.

जेवणं चालली होती. नाना माझ्याशेजारी येऊन बसले. धोतराची कड चाचपू लागले.

"लहानभाऊ, एक इचारू?"

"विचारा की."

"ती रडस, ते कसं ऐकू येस?"

त्यांना ऐकू येत होतं तेव्हाचं काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "नवं पातं वाळक्या बाभळीला पहिल्यांदा लागतं ना, तसं."

नानांनी डोळे मिटले. मग बोळकं पसरून हसले. "मंग पोरना गळामा जोर शे." आणि जरा थांबून, "आते? आते रडी राह्यनी का?"

मी पाळण्याकडे बघितलं. "आता झोपलीय."

नानांनी मान हलवली, उठले, आणि पलीकडे मोठमोठ्याने बोलत बसलेल्या बायकांपाशी जाऊन, ओठांवर बोट ठेवून, त्यांना गप्प केलं.